क्लच नसलेली गाडी, दर्यापूर तालुक्यात

ही ऑटोमॅटिक गाडी माझ्या डाव्या गुडघ्याने घेतली, असं घरात सगळे म्हणतात. खोटं नाही. शाळा घरापासून अठरा किलोमीटर. आमच्या चौदा वर्षं जुन्या गाडीचा क्लच दाबला की गुडघ्यातून अशी कळ निघायची की शाळेत पोचल्यावर पाच मिनिटं नुसती बसून राहायची मी. अमरावतीच्या हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जाता जाता म्हणाले, "मॅडम, एक तर शाळा बदला, नाही तर गाडी बदला." जिल्हा परिषदेत बदली काय आपल्या हातात असते होय?

मग घरात अधिवेशन भरलं. आमच्या ह्यांचं पहिलं वाक्य, "ऑटोमॅटिक कायले? उद्या इकाले गेलो तं कोन घेईन?" मुलगा पुण्याहून फोनवर, "आई, स्कोडाची स्लाव्हिया बघ, बाकी सगळं विसर." आत्याबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यांची एकच अट: "मले बसता-उठता आलं पाह्यजे." उंच गाडी का नाही घेतली, असं अजूनही लोक विचारतात. उंच गाडीत लुगडं सावरत पायरी चढावी लागते. सेडानमध्ये आधी बूड टेकवायचं आणि मग पाय आत घ्यायचे, त्यांना ते जमतं. शिवाय डिकी वेगळी. मागे कांद्याचा कट्टा असला तरी पुढे वास येत नाही.

गिअरबॉक्सचं आधी मला काडीचं कळत नव्हतं. ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिक, एवढंच. चार गाड्या चालवल्यावर कळलं की त्या नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकतात. मारुतीच्या डिझायरमध्ये एएमटी आहे. म्हणजे गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्याऐवजी एक यंत्र करतं. म्हणून तो स्वस्तात बसतो: 2024 च्या नोव्हेंबरात नवी डिझायर आली तेव्हा व्हीएक्सआय या एकाच मॉडेलच्या साध्या आणि एएमटी गाडीत फक्त 45 हजारांचा फरक होता. होंडाच्या अमेझमध्ये सीव्हीटी. त्यात गिअरच नाहीत, दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक पट्टा. पुल्या लहानमोठ्या होतात आणि वेग बदलतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजतं. इथे साध्या गाडीपेक्षा लाखभर रुपये जास्त. स्लाव्हियाच्या एक लिटर इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर, तेलातून ताकद पोचवणारा, सहा गिअरचा. चौथा प्रकार दोन क्लचचा, ह्युंदाई व्हर्नाच्या टर्बो इंजिनासोबत असतो तो. त्याच्या किमतीपाशीच मी थांबले.

खर्चाचा हिशोब उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या पानावर मांडला. कंपन्यांचे आकडे धरले तर डिझायर एएमटी लिटरला 25.71 किलोमीटर, अमेझ सीव्हीटी 19.46. माझं महिन्याचं फिरणं साधारण हजार किलोमीटर. फरक येतो साडेबारा लिटरचा, आपल्याकडच्या भावाने तेराशे रुपये. रस्त्यावर हे आकडे कुणालाच मिळत नाहीत, पण फरक काही मिटत नाही. वर्षाचे पंधरा-सोळा हजार डिझायर वाचवते, हे मान्य. सुरक्षेच्या चाचणीत तिला ग्लोबल एनकॅप या संस्थेचे पाच तारे आहेत, तेही मान्य. आणि तिचा मेकॅनिक इथे हाकेच्या अंतरावर.

पण चालवली तेव्हा पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना गाडी क्षणभर श्वास रोखते आणि आपली मान पुढे जाते. बैलाने चालता चालता शेपटीने माशी हाकलावी, तेवढाच तो झटका. मोकळ्या हायवेवर जाणवत नाही. पण माझा रस्ता हायवे नाही. खारपाणपट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. त्या लाटांवर, बैलगाड्यांच्या मागे, शेळ्यांच्या कळपात दर मिनिटाला पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. आत्याबाई मागे बसल्या होत्या. दोन किलोमीटर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "हे गाडी मान कायले हालवते वो?" डिझायरचा निकाल तिथेच लागला.

स्लाव्हिया मला मनापासून आवडली, लपवण्यात अर्थ नाही. दार लावलं की बँकेच्या तिजोरीसारखा आवाज. जमिनीपासून 179 मिलिमीटर उंच, म्हणजे गावकऱ्यांनी श्रमदानातून घातलेल्या गतिरोधकांवरूनही बिनधास्त. अमेझ 172, डिझायर 163. ऐकायला सात-नऊ मिलिमीटर काहीच नाहीत. चार माणसं बसवून आमच्या वेशीवरच्या गतिरोधकावरून नेली की एकेक मिलिमीटरची किंमत कळते. पण स्लाव्हिया साडेचार मीटर लांब आहे आणि आमच्या वाड्यासमोरचा बोळ तिच्या लांबीला साफ नाही म्हणतो. ह्यांनी दोरीने मोजलं. दोरी भिंतीला लागली.

दुसरं म्हणजे कर. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी सेससकट, म्हणजे वरच्या उपकरासकट, 29 टक्के होता तो 18 झाला. मोठ्या सेडानवर 45 चा 40 झाला. म्हणजे स्वस्त दोन्ही झाल्या, पण दोघींमधलं अंतर आणखी वाढलं. त्यातून महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रस्ता कर 11 टक्के, वर गेली की 12.

याच करावरून एका शोरूमवाल्याचा मला अजून राग आहे. नाव लिहीत नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात त्याचा रोज फोन, "मॅडम, भाव कमीबिमी काही होत नाहीत, पोळ्याचा आठवडा आहे, आत्ताच करून टाका." पंतप्रधानांनी 15 ऑगस्टलाच कर कमी होणार असं सांगितलेलं, आणि हा मला आठवड्याभरात चेक मागतो! विद्यार्थ्यांच्या थापा ओळखण्यात तीस वर्षं गेली माझी. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला, त्यानंतर त्याचा फोन आला नाही. आम्ही दुसरीकडून दसऱ्याला अमेझ घेतली, व्हीएक्स सीव्हीटी. वरच्या झेडएक्समध्ये पट्टे ओळखून गाडी लेनमध्ये ठेवणारा कॅमेरा येतो. माझ्या अठरा किलोमीटरमध्ये पांढरा पट्टा एकही नाही. कॅमेरा बिचारा काय ओळखणार?

आता रीसेल. ह्यांच्या समाधानासाठी अकोल्याच्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे गेलो. त्याने चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "बाई, डिझायर दारात उभी केली तं दोन दिवसांत जाते. पेट्रोल ऑटोमॅटिकले इकडचा माणूस हात लावत नाही. नागपूरले नाही तं पुण्याले धाडा लागते." का, विचारलं. तो हसला. "बंद पडली तं धक्का मारता येत नाही नं!" हे गमतीचं वाटतं, पण आपल्याकडे गाडीची पहिली परीक्षा हीच आहे. आणि ते खरंही आहे. सीव्हीटीत तेलाचा दाब इंजिनावरच्या पंपाने तयार होतो. इंजिन बंद असताना चाकं कितीही फिरवली तरी ती इंजिनाला फिरवत नाहीत. ओढून न्यायची तरी पुढची चाकं उचलूनच न्यावी लागते.

परत येताना मी ह्यांना विचारलं, जुनी गाडी आपण किती वर्षांनी विकली? चौदा. केवढ्याला? एक लाख पाच हजार, तेही ह्यांच्या मावसभावाला, निम्मे पैसे तुरीच्या हंगामावर उधार. लग्नात आलेला गोदरेजचं कपाट अजून वापरणारी माणसं आम्ही, आणि रीसेलच्या गोष्टी करतो. हे थोडा वेळ बोलले नाहीत. मूर्तिजापूर फाट्यावर उसाचा रस पाजला, तेव्हा समजले मी.

सहा महिन्यांत सात हजार किलोमीटर झाले. शाळेच्या रस्त्यावर एसी लावून लिटरला चौदा-पंधरा, नागपूरला गेलो तेव्हा अठरा. इंजिन चार सिलेंडरचं, 90 अश्वशक्तीचं. सिग्नलला उभी असताना चालू आहे की बंद, हे काटा पाहून ठरवावं लागतं. संध्याकाळी रोही, म्हणजे नीलगाई, आडवे येतात. त्या वेळी करकचून ब्रेक मारायचा आणि पुन्हा निघायचं, गिअरचा विचारच नाही. एवढ्यासाठी लाख रुपये गेले असं मी मानते. खटकतं ते ओव्हरटेक करताना. जोरात पाय दाबला की आधी इंजिन ओरडतं, गाडी मागून येते, ताणलेल्या रबरासारखं. हा सीव्हीटीचा स्वभावच आहे, ट्रक ओलांडायचा तर अंदाज घेऊनच. डिसेंबरात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलो, चौघं आणि सामान. चढली निवांत, पण गुरगुरत. उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलांनी वेग धरून ठेवला, ब्रेकचा वास आला नाही.

आमचे हे पहिल्यांदा चालवायला बसले तेव्हाची गंमत. वीस वर्षांची सवय, गतिरोधक दिसला आणि डावा पाय आपोआप क्लच शोधायला गेला. तिथे क्लच नाही, ब्रेकचं रुंद पॅडल. पूर्ण ताकदीने दाबलं. गाडी जागेवर गाडली गेली, डिकीतला हरभऱ्याचा कट्टा धाडकन पुढे आला, आणि मागून आत्याबाई, "मान तं हे बी हालवते!" त्यानंतर आठ दिवस ह्यांनी डावा पाय मांडी घालून सीटवर घेतला आणि गाडी चालवली. दिसायला फार वाईट, पण नवीन माणसाला मी हाच उपाय सांगते.

आणि तो धक्का. जानेवारीत मी रात्रभर आतला दिवा चालू ठेवला, चूक माझीच. सकाळी बॅटरी ठार. गल्लीतली चार पोरं धावत आली, हात लावून तयार: "बाई, तुम्ही बसा फक्त!" त्यांना थांबवताना माझी दमछाक झाली. शेवटी शेजारच्यांचा ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरची बॅटरीही बारा व्होल्टची. लाल वायर, काळी वायर, आणि एका सेकंदात सुरू. तेव्हापासून जंपर केबल डिकीत असते, स्टेपनीच्या बाजूला, आत्याबाईंच्या औषधांच्या पिशवीखाली.

सर्व्हिस सेंटर पन्नास किलोमीटरवर आहे, शनिवारी सकाळची शाळा करून जाते. जाऊन-येऊन संध्याकाळ होते. गुडघा मात्र दुखत नाही.