फुटबॉल मॅनेजर २०२४ : मँचेस्टरची खुर्ची, मारेगावचा लॅपटॉप

उन्हाळ्यात आमची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायची गिरणी, बंद पडली की दिवाळीपर्यंत हिशेबनिसाला हातात फारसं काम उरत नाही. बँकेचे कागद, विजेचं बिल, मागच्या हंगामातल्या गाठींची थकलेली येणी, एवढंच. त्या मोकळ्या महिन्यांत मी ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ खेळतो. याच्यानंतरचा २०२५चा भाग कंपनीने काढलाच नाही, रद्द करून टाकला, त्यामुळे हा २४ बऱ्याच जणांनी दोन वर्षं ओढला. आता २६ आलाय, पण माझ्या जुन्या लॅपटॉपला तो झेपणार नाही. म्हणून लिहितोय ते २४बद्दल.

गेम म्हटला की लोकांना वाटतं, बटणं दाबायची आणि गोल मारायचे. इथे तुम्ही चेंडूला पायही लावत नाही. तुम्ही क्लबचे मॅनेजर, इंग्लंडात मुख्य प्रशिक्षकाला तसं म्हणतात. संघ निवडायचा, खेळाडू घ्यायचे-विकायचे, पगार ठरवायचे, पत्रकारांना उत्तरं द्यायची, मालकाची बोलणी खायची. पडद्यावर सगळे तक्तेच तक्ते. माझा भाचा अर्धा तास शेजारी बसून पाहत होता. शेवटी म्हणे, “मामाजी, याच्यात फुटबॉल कुठी हाये?” प्रश्न चुकीचा नव्हता. मॅच सुरू झाल्यावर मैदान दिसतं, पण तोवर जे काय बरंवाईट व्हायचं ते तक्त्यांत होऊन गेलेलं असतं.

प्रत्येक खेळाडूचे गुण १ ते २० मध्ये दिलेले असतात. पास, टॅकल, वेग, जिद्द, डोकं शांत ठेवणं, सगळ्याला आकडा. जगभर गेम काढणाऱ्या कंपनीचे हजाराहून जास्त लोक स्थानिक सामने पाहून हे आकडे भरतात. हे पोरखेळाचं काम नाही. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने २००८ मध्ये खेळाडू शोधण्यासाठी याच गेमचा डेटा वापरायचा करार केला होता. भारताची लीगही त्यात आहे. ज्यांना आपल्याकडचा एखादा क्लब चालवून पाहायचाय त्यांनी जरूर पाहावा, मी मात्र पहिल्याच दिवशी सरळ मँचेस्टर युनायटेडच्या खुर्चीत जाऊन बसलो. २०१३ मध्ये जुना मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून तिथे कोणीच का टिकत नाही, हे मला आतून पाहायचं होतं. मी त्या क्लबचा चाहता आहे, आणि दर दोन-अडीच वर्षांनी ‘आता हा माणूस सगळं सुधारणार’ हे ऐकून कान किटलेत.

यादीत ‘मँचेस्टर युनायटेड’ शोधाल तर सापडणार नाही. ‘मॅन यूएफसी’ असं लिहिलेलं दिसेल, आणि बोधचिन्हही भलतंच. क्लबने नावाच्या वापरावरून गेमवाल्यांना कोर्टात खेचलं होतं, २०२१ मध्ये तडजोड झाली, तेव्हापासून हे असं. नाव जपण्यात या क्लबचा हात कोणी धरू शकत नाही, हे मान्य करावं लागेल.

खुर्चीत बसल्यावर लोक आधी डावपेचांचा पडदा उघडतात. तसं करू नका. आधी करारांची यादी उघडा. नाव, पगार, करार कधी संपतो. मला या गेममधलं सगळ्यात जास्त आवडलेलं पान तेच. गेम जुलै २०२३ पासून सुरू होतो, म्हणजे तेव्हाचा मॅनेजर टेन हागचा पहिला हंगाम संपलेला. त्या यादीत ल्यूक शॉ आणि मार्शियाल आहेत, ते फान गाल मॅनेजर असताना आलेले. लिंडेलॉफ आणि दालो मूरिन्योच्या काळातले. मग्वायर, वान-बिसाका, ब्रुनो, वरान, सांचो हे सोल्शारच्या वेळचे. कासेमिरो, अँटनी, लिसांद्रो मार्टिनेझ, ओनाना टेन हागने आणलेले. रॅशफर्ड घरचा, त्याला पहिल्यांदा मैदानात उतरवलं फान गालनेच. म्हणजे एका ड्रेसिंग रूममध्ये चार मॅनेजरांची खरेदी बसलेली, आणि चौघांचे खेळ एकमेकांशी न जुळणारे. फान गालला चेंडू पायाशी ठेवून संथ खेळायचं होतं, मूरिन्योला मागे भिंत उभी करायची होती, सोल्शारला मोकळी जागा पाहून धावायचं होतं, टेन हागला दोन्ही कडांवरून दाबायचं होतं. पाचवा माणूस कोणताही आणा, त्याच्या खेळाला निम्मीच माणसं लागू पडणार.

बरं, नको असलेले विकून मोकळं व्हावं म्हटलं, तर तिथे खरी गंमत. २४ मध्ये मध्यस्थ नेमून खेळाडू खपवायची नवी सोय दिलीय. मी एका विंगरसाठी, म्हणजे कडेने पुढे धावणाऱ्या खेळाडूसाठी, लावला मध्यस्थ. दोन क्लब आले. किमतीवर घासाघीस झाली, जुळलं. मग खेळाडूच्या पगाराचा आकडा त्यांनी पाहिला आणि दोघेही गायब. आठवडाभराने खेळाडू माझ्याच दारात, “मला खेळवत का नाही” म्हणून. त्याला एखाद्या मॅचमध्ये घ्यायचं कबूल केलं आणि नाही घेतलं, तर त्याच्या गटातले आणखी दोघे फुरंगटतात. गेममध्ये संघातले गट, पुढारी, कोणाचं कोण ऐकतं, हे सगळं वेगळ्या पानावर दिसतं. पुढाऱ्याला दुखावलं की सकाळी सरावाला आलेल्या सगळ्यांचीच तोंडं वाकडी. आमच्या हमालांच्या टोळीशी रोज बोलणाऱ्याला हे नवीन नाही, पण पडद्यावर पाहून मी बराच वेळ हसत होतो.

ही गेमवाल्यांची अतिशयोक्ती वाटत असेल तर सांचोचं पाहा. २०२१ मध्ये ७ कोटी ३० लाख पौंड देऊन घेतलेला. २०२४ मध्ये चेल्सीने उसना नेला, पुढे विकत घ्यायच्या अटीवर. हंगाम संपला आणि चेल्सीने ५० लाख पौंड दंड भरला, पण त्याला ठेवून घेतलं नाही. माणूस न घेण्यासाठी पैसे मोजले! असा माल तुमच्या कोठारात पडून असताना नवा मॅनेजर काय डोंबलं करणार?

उलटही आहे. युनायटेडने आपल्या मॅक्टोमिनेला २०२४ मध्ये इटलीच्या नेपोलीला विकलं. पुढच्याच वर्षी नेपोली इटलीचा विजेता आणि मॅक्टोमिने त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. अँटनी मँचेस्टरमध्ये चेष्टेचा विषय झालेला, तो जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या बेटिसला उसना गेला आणि त्यांच्याबरोबर युरोपातल्या कॉन्फरन्स लीगची अंतिम फेरी खेळला. सगळेच खेळाडू भिकार होते असं म्हणणाऱ्यांनी हे जरा पाहावं.

डावपेचांचा भाग गेमने झकास केलाय. खेळाडूला कोणती जागा जमते ते हिरव्यापासून लालपर्यंतच्या रंगांत दिसतं. मी मुद्दाम टेन हागनंतर आलेल्या आमोरीमची पद्धत लावून पाहिली: मागे तीन, कडांना दोन विंगबॅक (बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे), पुढे तीन. लावली तशी पडद्यावर लाली पसरली. संघात विंगर खंडीभर, आणि या पद्धतीत विंगरला जागाच नाही. आता खरं काय झालं ते बघा. आमोरीम नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगामाच्या मध्यात आला, तीच पद्धत घेऊन. त्या हंगामात त्याच्या हाताखाली लीगचे २७ सामने झाले आणि गुण मिळाले २७. संघ ४२ गुणांवर पंधरावा. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून इतक्या खाली हा क्लब कधी गेला नव्हता. वर युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून हरले. लोक आमोरीमला हट्टी म्हणतात. असेल हट्टी. पण तो आधी पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये हीच पद्धत वर्षानुवर्षं खेळत होता, लपूनछपून नाही. ज्यांनी त्याला आणलं त्यांनी करार करण्याआधी आपल्याच खेळाडूंची यादी एकदा तरी वाचली असेल का, असा प्रश्न पडतो.

आमच्या धंद्यात सांगायचं तर, उतारा कमी आला की मालक आधी फिटरला हाकलतो. क्विंटलमागे ३४-३५ किलो रुई यायला पाहिजे आणि येतेय कमी, म्हणजे मशीन नीट लावलं नाही. दुसरा फिटर येतो, रोलर बदलतो, चार दिवस बरं चालतं, पुन्हा तेच. कापूस मात्र मालकाने ओला, किडकी कवडी मिसळलेला, तीन जातींचा एकत्र, बाजारात नाव झालं म्हणून चढ्या भावाने घेतलेला असतो, त्याकडे कोणी बोट दाखवत नाही. कारण खरेदीच्या काट्यावर मालकाचा मेहुणा बसलेला.

आणि नेमक्या याच जागी गेम खोटा पडतो. गेममध्ये खरेदीचा काटा माझ्याच हातात. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, मी ठरवतो. नको असेल तर ते काम फुटबॉल संचालकावर सोपवता येतं, पण तेही माझ्या मर्जीने. खऱ्या युनायटेडमध्ये हे सुख कोणाला होतं? २०१८च्या उन्हाळ्यात मूरिन्यो मध्यबचावाचा खेळाडू मागत राहिला, वरून नाही म्हणाले, डिसेंबरात त्यालाच काढलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात सोल्शारला ८ कोटी पौंडांचा मग्वायर दिला. २०२१ मध्ये छत्तिशीचा रोनाल्डो परत आणला. गोल त्याने केले, लीगमध्ये १८, तो त्याचा गुणच. पण त्याच हंगामात सोल्शारला काढून ज्याला बसवलं तो रांगनिक, ज्याची सारी ओळखच पुढच्या खेळाडूंनी धावून समोरच्या संघाला दाबण्याची! तो जाता जाता सांगून गेला की वरवरच्या मलमपट्टीने भागणार नाही, हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल. त्याला सल्लागार म्हणून ठेवायचं ठरलं होतं, तेही झालं नाही. जुलै २०२४ मध्ये टेन हागचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्याला घरी पाठवला. फान गालने एफए कप जिंकला त्याला दोन दिवस झाले नाहीत तोच त्याची नोकरी गेली होती.

ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. तरी त्यानंतर आठ वर्षांत फर्ग्युसनने पाच वेळा लीग जिंकली. म्हणून मालकांविरुद्ध चाहत्यांनी ओरड केली तरी ती जिंकण्याखाली झाकली गेली. फर्ग्युसन नुसता प्रशिक्षक नव्हता. शोधणारा तोच, पारखणारा तोच, पोरं घडवणारा तोच, कोणाला कधी हाकलायचं तेही तोच ठरवायचा. तो गेला त्याच उन्हाळ्यात डेव्हिड गिल हा कारभारीही पायउतार झाला. चार-पाच माणसांचं काम रिकामं झालं आणि भरती केली नवा मॅनेजर म्हणून एका मोयेसची. क्लबमध्ये फुटबॉल संचालक हे पद पहिल्यांदा भरलं ते मार्च २०२१ मध्ये. मधल्या काळात खरेदी कोण करत होतं, हे त्या करारांच्या यादीत दिसतंच.

मग मी गेम बंद करून लिव्हरपूलकडे पाहतो आणि पोटात दुखतं. त्यांचा मॅनेजर क्लॉप २०२४ मध्ये सोडून गेला, स्लॉट आला, त्या उन्हाळ्यात लगेच खेळवायला एक किएझा तेवढा घेतला, आणि पहिल्याच हंगामात लीग जिंकली. ब्रायटन त्याहून भारी: पॉटर गेला, डी झेर्बी आला, तो गेला, हुर्झेलर आला. काम चालू. तिथे कसं खेळायचं हे आधी ठरतं आणि माणूस त्याला जुळणारा शोधतात.

गेमची आणखी एक सवलत अशी की हरलात तर जुनी सेव्ह केलेली फाइल उघडून मॅच पुन्हा खेळता येते. मी ते करत नाही, भाचा बिनधास्त करतो आणि वर म्हणतो, “मॅनेजर म्हणून आपण हिट आहो.” जुनी फाइल न उघडता खेळलं तर मालकाचा विश्वास दाखवणारं पान कसं आठवड्या-आठवड्याला उतरतं ते कळतं. पण तिथेही गेमचा मालक सज्जन आहे. तो आधी सांगतो, अपेक्षांची यादी देतो, मग काढतो.

आता कामाचं. ४ जीबी रॅम असेल तरी चालतो, पण तेव्हा दोन-तीनपेक्षा जास्त देशांच्या लीग सुरू करू नका, नाहीतर एक दिवस पुढे सरकायला चहा होतो. डिस्कवर ७ जीबी जागा लागते. डाउनलोड गावातल्या नेटवर करण्यापेक्षा वणीला कोणाकडे वायफाय असेल तिथे करून आणा. लाइटीचा भरवसा नसेल तर आठवड्याला एकदा आपोआप सेव्ह होण्याची सोय चालू ठेवा. अक्षरं बारीक आहेत, चाळिशी लागलेल्यांनी चष्मा घेऊनच बसावं. मराठी नाही, हिंदीही नाही, इंग्रजी मात्र सोपं आहे. पत्रकार परिषदा सहायकावर ढकलून द्या, तेच-तेच प्रश्न येतात.

पाचपैकी चार तारे. पाचवा त्या खरेदीच्या काट्यासाठी राखून ठेवलाय. पुढच्या एखाद्या भागात मॅनेजरला न विचारता वरून खेळाडू येऊन पडायची सोय केली तर तोही देईन. पहिल्यांदा खेळणाऱ्याने युनायटेड घेऊ नये, ब्रायटन घ्यावं. माझा सध्याचा हंगाम युनायटेडबरोबर सातव्या स्थानावर चालू आहे, आणि तो विंगर अजून विकला गेलेला नाही.