घर विकून झालेला नफा: दुसरं घर की बाँड?

घर विकताना बहुतेकांना वाटतं की करसवलतीसाठी आलेली सगळी रक्कम गुंतवावी लागते. तसं नाही. घर ९० लाखांना गेलं आणि नफा ४० लाख असेल, तर या दोन्ही पर्यायांत प्रश्न त्या ४० लाखांचाच. घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमचं असायला हवं, एवढं मात्र आधी तपासा. काहीच केलं नाही तर साडेबारा टक्क्यांनी ५ लाख कर, वर सेस.

१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ५४ म्हणजे घराच्या बदल्यात घर. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत विकत घ्या, नाहीतर तीन वर्षांत बांधा. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत, तर बँकेत कॅपिटल गेन्स खातं उघडून त्यातच ठेवायचे. साध्या बचत खात्यात पडून राहिले तर सवलत हातची जाते, आणि नेमकं इथेच लोक फसतात. नवं घर तीन वर्षांत विकलं तरी सवलत उलटते.

त्याच कायद्यातल्या कलम ५४ईसीचे बाँड, म्हणजे ठरावीक सरकारी कंपन्यांचे कर्जरोखे, सोपे. सहा महिन्यांत घ्यायचे, कमाल ५० लाख. पैसे पाच वर्षं अडकतात, व्याजावर कर लागतो, त्यांच्यावर कर्जही काढायचं नाही.

राहायला घर हवंच असेल तर ५४. पण केवळ कर वाचवायला साठीनंतर दुसरा फ्लॅट गळ्यात घेऊ नका. तिथे बाँडच बरे.