कुत्र्याचं वीर्य गोठवून ठेवायचं असेल तर: पश्चिम उपनगरातल्या एका क्लिनिकचा अनुभव

मल्हार आमचा कारवान जातीचा कुत्रा, लातूरकडचा. सातवं सरलंय. नराचं वय वाढलं की वीर्याची प्रत खालावते, आणि असा हाडापेराचा नर मुंबईत शोधून सापडायचा नाही. म्हणून आताच गोठवून घेतलं. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे.

आधी चांगलं. ब्रुसेला कॅनिसची (वीर्यातूनही पसरणारा, कुत्र्यांत गर्भपात घडवणारा जीवाणू) रक्ततपासणी झाल्याशिवाय डॉक्टर मॅडमनी पुढची तारीखच दिली नाही. त्या दिवशी समोर माजावरची मादी आणून ठेवली होती, त्यामुळे मल्हारला फार मनवावं लागलं नाही. कुत्र्याचं वीर्य तीन टप्प्यांत येतं: पहिलं पाण्यासारखं, दुसरं दुधाळ, तिसरं प्रोस्टेट ग्रंथीचं पुन्हा पाण्यासारखं. तिसरं भरपूर येतं आणि बरेच जण ट्यूब भरलेली दिसावी म्हणून तेही घेतात. मॅडमनी दुधाळ धार थांबली त्या क्षणी कोमट ट्यूब बाजूला केली. गोठवायच्या वीर्यात हे प्रोस्टेटचं पाणी नको असतं. जे थोडं मिसळलं होतं ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढलं.

मग त्यात ट्रिस (आम्लता सांभाळणारं रसायन), अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉलचं मिश्रण घातलं. बलक थंडीच्या झटक्यापासून पेशीचं आवरण सांभाळतो, ग्लिसरॉल आत बर्फाचे स्फटिक होऊ देत नाही. ट्यूब थेट फ्रीजमध्ये नाही ठेवली, पाण्याच्या बीकरमध्ये उभी करून सावकाश ५ अंशांवर आणली. तासाभराहून जास्त वेळ गेला. मी चहा पिऊन आले तरी बीकर तिथंच! नंतर ते अर्धा मिलीच्या कांड्यांत, म्हणजे बारीक नळ्यांत भरलं; कांड्या आधी द्रव नायट्रोजनच्या वाफेवर धरल्या, मग उणे १९६ अंशांच्या त्या नायट्रोजनमध्ये बुडवल्या.

मला सगळ्यात आवडलं ते हे की न मागता एक कांडी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवून स्क्रीनवर दाखवली. निम्म्याहून थोडे जास्त शुक्राणू सरळ पुढे पळत होते, उरलेले जागच्या जागी थरथरत होते नाहीतर पडून होते. ताज्या नमुन्याच्या मानाने घट दिसतेच, पण गोठवलेल्यात एवढं टिकलं तर चांगलंच म्हणायचं.

आता तक्रार. मॅडम उत्तम, काउंटर नाही. पैसे कांडीमागे घेतात आणि काउंटरवरचा मुलगा "जितक्या कांड्या तितकी मेटिंग्ज" असं बिनदिक्कत सांगतो. असं नसतं! एका वेळेला साधारण १० ते २० कोटी हलणारे शुक्राणू लागतात आणि त्यासाठी बहुतेक वेळा दोन-चार कांड्या एकदम वितळवाव्या लागतात. प्रत्येक कांडीत किती आहेत तो आकडा मला मागून घ्यावा लागला. कांड्यांवर नुसतं "मल्हार" लिहिलं होतं. मुंबईत मल्हार नावाची कुत्री काय कमी आहेत? मायक्रोचिप नंबर आणि तारीख मी उभी राहून लिहून घेतली.

मादी कोणाची ते अजून ठरतंय. वितळवलेलं वीर्य जेमतेम दिवसभर तग धरतं, म्हणून मादीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासून वेळ साधायची आणि दुर्बिणीने थेट गर्भाशयात सोडायचं. ते काम याच मॅडमकडे करणार आहे. साठवणीचं वार्षिक भाडं वेगळं, आणि नायट्रोजन कधी भरला त्याची वही दाखवायला सांगा. मला दाखवली, पण जरा कुरकुरत.

इमारतीखाली पार्किंग नाही. रिक्षाने जा.