टाटा रुग्णालयाचा समाजसेवा विभाग: मदत मागायला निघण्याआधीचा मुक्काम

कर्करोगाच्या उपचारांसाठी पैसे उभे करायचे असतील, तर चार लोकांपुढे शब्द टाकण्याआधी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा विभागात जावे, असे मी दीड वर्षाच्या अनुभवानंतर मनापासून सांगतो. आम्ही मात्र तिथे उशिरा पोहोचलो.

वहिनींना स्तनाचा कर्करोग, तोही हर-टू पॉझिटिव्ह (गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन जास्त असलेल्या) प्रकारचा, असल्याचे निदान झाले. केमोथेरपी, शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि त्याशिवाय दर तीन आठवड्यांनी वर्षभर घ्यायचे ट्रास्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाचे इंजेक्शन, असा एकूण खर्च ऐकून थोरला भाऊ बार्शीजवळचे शेत विकायला निघाला आणि मी घाईघाईने एका ऑनलाइन निधी संकलनाच्या संकेतस्थळावर आवाहन टाकले. तो अनुभव क्लेशदायक होता. केस गेलेल्या वहिनींचा फोटो दिलात तर पैसे लवकर जमतील, असे तिथल्या प्रतिनिधीने तीन वेळा फोन करून सांगितले. वहिनींनी ठाम नकार दिला, आणि तो त्यांचा हक्कच होता. शिवाय प्रत्येक देणगीवर संकेतस्थळासाठीची टिप आधीच जोडलेली असायची, ती काढता येते हे देणाऱ्यांपैकी कित्येकांना, आमच्या मामांनाही, कळले नाही.

समाजसेवा विभागातल्या ताईंनी आमची फाइल उघडली आणि खर्चाच्या अंदाजपत्रकावर पेन्सिलने रेघा मारायला सुरुवात केली. "दादा, किती लागणार हे नंतर बघू, कधी लागणार ते आधी लिहू या," असे त्या म्हणाल्या. त्या एका वाक्याने आमची निम्मी धास्ती गेली, कारण सगळा पैसा एकाच दिवशी भरायचा नसतो, हे तोवर आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यात बसणारे उपचार त्यांनी एका बाजूला काढले आणि जे उरले, तेवढ्यापुरतेच धर्मादाय ट्रस्टांकडे अर्ज करायला लावले. आधी भरून टाकलेल्या बिलांसाठी बहुतेक ट्रस्ट मदत देत नाहीत, म्हणून अर्ज उपचाराच्या त्या टप्प्याआधी गेला पाहिजे, ही गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. ट्रस्टचा धनादेश रुग्णालयाच्या नावाने निघतो आणि रुग्णाच्या रुग्णालयातल्या खात्यात जमा होतो, त्यामुळे देणाऱ्यालाही खात्री वाटते आणि घेणाऱ्यालाही मान खाली घालावी लागत नाही. मला या सेवेत सर्वांत मोलाचे हेच वाटले.

अंदाजपत्रकात न दिसणारा खर्चही त्यांनी विचारात घेतला. मुंबईत राहायचे कुठे, हा आमच्यासाठी औषधांइतकाच मोठा प्रश्न होता. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन ही नावे आम्हाला तिथेच कळली. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर वर्गात भाड्यात पूर्ण सवलत मिळते आणि सोबत्यालाही काही सवलत मिळते, हेसुद्धा तिथेच समजले. त्याआधी चार फेऱ्या आम्ही पूर्ण भाडे भरून केल्या होत्या.

ताई स्वतः पैसे देत नाहीत, मार्ग दाखवतात. अर्ज, पाठपुरावा आणि वाट पाहणे घरच्यांनाच करावे लागते. प्रत्येक ट्रस्टची कागदपत्रे थोडी वेगळी असतात आणि उत्तर यायला काही आठवडे लागू शकतात, तेव्हा निदान झाल्याच्या आठवड्यातच कामाला लागावे. जाताना रेशन कार्ड, आधार, तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि अंदाजपत्रक यांच्या प्रत्येकी दहा झेरॉक्स सोबत ठेवाव्यात. आमचा उत्पन्नाचा दाखला जुना निघाला आणि तेवढ्या एका कागदासाठी भावाला बार्शीला परत जावे लागले.