अल्बमचं नाव कंस, आत कोरी पानं

सिगुर रोस हा आइसलंडचा बँड, त्यांचा २००२ चा अल्बम, नाव ( ). हो एवढंच, दोन कंस आणि मधे मोकळं. मित्राला सांगितलं तर म्हणे कंस म्हणजे कृष्णाचा मामा का, जाऊ दे त्याला. आठ गाणी, अल्बमवर एकालाही नाव नाही, आणि त्यांचा गायक योन्सी जे गातो ती कुठलीच भाषा नाही. होपलँडिक म्हणतात तिला, नुसते सुराला चिकटवलेले ध्वनी, तेच चार-सहा तुकडे फिरून फिरून येतात. आता नोमतोम आणि तराणा (आपल्या शास्त्रीय गाण्यातले बिनअर्थाचे बोल) ऐकत वाढलेल्या माणसाला यात दचकण्यासारखं काही वाटत नाही, पण तेव्हा बऱ्याच समीक्षकांचं घोडं इथेच अडलं.

कौतुक कमी झालं असं नाही हं. ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं (२००४ ला, अवॉर्ड नेलं व्हाइट स्ट्राइप्स या बँडनी), पहिल्या गाण्याच्या व्हिडिओला, तोच तो गॅस मास्क घालून काळ्या बर्फात खेळणाऱ्या पोरांचा, २००३ ला एमटीव्ही युरोपचं अवॉर्ड. पण कुरकुर पण होतीच, की यांच्याच १९९९ च्या अल्बमनंतर हा फारच संथ, फारच उदास, आणि हे नाव नाही शब्द नाही वगैरे म्हणजे निव्वळ शायनिंग. माझं मत विचाराल तर कुरकुर अर्धी बरोबर आहे. पाचवं गाणं दहा मिनिटांचं आहे आणि मला ते प्रत्येक वेळी पंधराचं वाटतं, मधे एकदा उठून चहा टाकून आलो तरी गाणं तिथंच.

पण शायनिंगवाला आरोप मला पटत नाही, कारण कव्हरबद्दल पानंच्या पानं लिहिणारे ड्रम्सबद्दल दोन ओळी लिहीत नाहीत. ओर्री हा ड्रमर या बँडमधे आल्यावरचा हा पहिला स्टुडिओ अल्बम, आणि शेवटच्या गाण्यात तो जे करतो ते ऐकाच. बारा मिनिटांना थोडं कमी, सुरुवातीला गिटार नि बेस एवढे गरीब की वाटतं काही होणारच नाही, ड्रम्स मागे दबून वाजतायत, मग हळूहळू जागा घेत घेत असे सुटतात की हेडफोन काढून मागे बघावंसं वाटतं कोण आलं म्हणून. याचं टोपणनाव काय, तर 'पॉप गाणं'. विनोदबुद्धी आहे हो या लोकांना. वर्षानुवर्षं बऱ्याच कॉन्सर्टचा शेवट याच गाण्यावर करत आलेत.

तिसरं माझं सगळ्यात लाडकं, त्यात गायन नाहीच, पियानोची एकच छोटी फिरकी घोळवत राहतात आणि बाकी सगळं तिच्याभोवती हळूहळू भरत जातं. अल्बमचं रेकॉर्डिंग आइसलंडची राजधानी रेक्याविक, तिच्याजवळच्या एका जुन्या स्विमिंग पूलचा स्टुडिओ केलाय तिथलं. पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटतं ते त्यामुळे का माझ्या डोक्यातलं, माहीत नाही.

एक महत्त्वाचं, शफलवर लावू नका. पहिली चार गाणी त्यातल्या त्यात उजेडाची, पुढची चार अंधाराची, आणि मधे ३६ सेकंद शांतता. पहिल्यांदा मला वाटलं फोन हँग झाला, दोनदा स्क्रीनवर बोट मारलं. सलग बहात्तर मिनिटं काढता आली तरच हात घाला, तुकड्या-तुकड्यात ऐकून स्टार देणाऱ्यांचं मी मनावर घेत नाही.

आणि जमलं तर सीडीच घ्या. बुकलेट कोरं, एक अक्षर छापलेलं नाही, आयडिया अशी की ऐकणाऱ्याने आपल्याला सुचेल ते त्यात लिहावं. मी काहीतरी भारी सुचेल म्हणून वर्षभर जपून ठेवलं, आणि आईने एक दिवस त्यात दुधाचा हिशोब लिहून टाकला. "कोरंच होतं की रे, वाया चाललेलं." चिडलो होतो, पण खरं सांगायचं तर बँडचं म्हणणं आमच्या घरात तिनेच पाळलं. सोमवार १ लिटर, मंगळवार अर्धा, बुधवारी खाडा. पाच पैकी चार स्टार, एक कापला तो त्या पाचव्या गाण्याचा.