डीडीईएक्सवर आठ महिने, छोट्या लेबलचा अनुभव

आमचं पुण्यातलं छोटं लेबल, चार माणसं, कॅटलॉग सगळा जुन्या कॅसेटींचा, अभंग गवळणी भावगीतं. डीडीईएक्स म्हणजे गाण्यांची माहिती म्युझिक ॲप्सना ठरावीक साच्यात पाठवायची स्टँडर्डं, आणि ती बनवणारी संस्थाही. आधी ही डिलिव्हरी एक्सेलवर चालायची, म्हणजे प्रत्येक ॲपची शीट वेगळी, आणि आर्टिस्टच्या एकाच कॉलममधे गायक संगीतकार संत सगळे कॉमा देऊन कोंबलेले. एका ॲपवर त्यामुळे तुकाराम महाराजांचं चक्क आर्टिस्ट पेज झालं होतं, तेही तीन, कारण स्पेलिंग तीन.

आता ईआरएन ४.३ पाठवतो, म्हणजे डीडीईएक्सचा रिलीज कळवायचा मेसेज. एका एक्सएमएल फाइलमधे रेकॉर्डिंगं, रिलीज आणि डील, म्हणजे कुठल्या देशात कधीपासून कशा प्रकारे वाजवायचं. माणसामागे रोल लागतो, त्यामुळे महाराज गीतकारात गेले एकदाचे. नाव देवनागरीत आणि रोमनमधे दोन्ही देता येतं, पुढे ॲपवर काय दिसेल ते समोरच्याच्या हातात. स्टँडर्ड वापरायला पैसे नाहीत, पार्टी आयडी, म्हणजे पाठवणाऱ्याचा ओळख क्रमांक, तोही फुकट, पण एक्सएमएल बनवून देणारा डेव्हलपर फुकट नाही हे आधीच सांगतो.

सगळ्यात मोठा दणका आषाढीच्या आठवड्यात बसला. एका अल्बममधे "विठ्ठल"चं रोमन स्पेलिंग चुकलेलं, म्हटलं एवढंच दुरुस्त करून पाठवू, आणि पाठवलेल्या फाइलमधे डीलच नव्हती. मला वाटलेलं बदललेलं तेवढंच पाठवायचं असतं. तसं नसतं! नवा मेसेज जुन्याची पूर्ण जागा घेतो, डील नाही म्हणजे हक्क काढून घेतला. संध्याकाळपर्यंत अल्बम गायब, आणि गायकांचा फोन, "अहो, वारी चाललीय आणि माझे अभंग कुठायत?" चूक शंभर टक्के आमचीच. तेव्हापासून कितीही बारीक दुरुस्ती असो, अख्खा मेसेज नव्याने काढतो.

आयएसआरसीचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या ओळख-कोडचं, वेगळंच. अक्षरं-आकडे मिळून बारा, रेकॉर्डिंगला एकच, मग ते पाच कॅसेटींवर असो. आमच्याकडे आधीच्या माणसाने प्रत्येक कॅसेटला नवा कोड दिलेला, म्हणजे एकाच अभंगाचे तीन कोड, आणि रिपोर्टमधे प्लेज तीन ठिकाणी फुटलेले. शिवाय कोडमधलं साल कोड दिल्याचं असतं, रेकॉर्डिंगचं नाही, त्यामुळे १९८८ च्या गाण्यावर २४ बघून आमच्या अकाउंटंट काकांनी दोनदा "चुकलंय" म्हणून परत पाठवलं.

विक्रीचे रिपोर्ट आता डीएसआर फॉरमॅटमधे येतात, तेही डीडीईएक्सचंच स्टँडर्ड. कोड जुळला की ओळ आपोआप लागते, आधी दर तिमाहीला दोन दिवस नावं जुळवण्यात जायचे. पैसे वसूल झाले असं वाटतं ते इथे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. व्हॅलिडेटर, म्हणजे फाइल तपासणारं सॉफ्टवेअर, हिरवा झाला म्हणजे माहिती बरोबर असं नाही. तो रचना बघतो, गायक आणि संगीतकाराची अदलाबदल झाली तर त्याला काय कळणार? एक गवळण चार महिने तशीच उलटी चालली, कुणाच्या लक्षात नाही.

मोठा कॅटलॉग असेल तर घ्याच, दहावीस गाणी असतील तर ती ॲप्सवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे द्या, त्याच्याकडे हे असतंच. आमच्या अजून चाळीसेक कॅसेटी अडल्यात, कव्हरवर नुसतं "साथ: वाद्यवृंद". एका गायकांच्या घरी फोन केला, तबल्यावर कोण होतं ते विचारायला. त्यांची मुलगी म्हणाली, दिवाळीला माळा साफ करू तेव्हा बाबांची वही बघते.