साक्री तालुक्यातील एका गावतळ्यावरची गळाची मासेमारी

पांझरा नदीच्या खोऱ्यात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, एका गावतळ्याचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असून, ही संस्था बाहेरून येणाऱ्या हौशी माणसांनाही दिवसाच्या शुल्कावर तेथे गळ टाकू देते. मी या तळ्यावर दोनदा गेलो. पहिल्यांदा आश्विनात, पाणी काठोकाठ असताना, आणि दुसऱ्यांदा वैशाखात, ते निम्म्याहून खाली उतरले असताना. एका काठीला दिवसाचे 150 रुपये घेतात आणि रीतसर पावती देतात. मासा घरी न्यायचा असल्यास त्याचे वजन करून त्या दिवसाच्या भावाने वेगळे पैसे द्यावे लागतात. हा व्यवहार दोन्ही वेळा चोख होता.

या तळ्याची सर्वांत मोलाची गोष्ट मला बांधावरच्या फळ्यावर दिसली. कोणत्या तारखेला, कोणत्या जातीची, किती बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) सोडली, हे त्यावर खडूने लिहिलेले असते. ही साधी वाटणारी नोंद महत्त्वाची आहे, कारण कटला, रोहू आणि मृगळ हे मुळात नदीचे मासे असून पावसाळ्यातल्या वाहत्या पुराच्या पाण्यात ते अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. त्यामुळे अशा तळ्यात जेवढे सोडले त्याहून अधिक मासे कधीच असू शकत नाहीत, आणि सोडणाऱ्याने हात आखडता घेतला तर दिवसभर काठी धरून बसणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. 10 जुलै 1957 रोजी मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रेरित प्रजनन, म्हणजे त्यांना नदीबाहेर अंडी घालायला लावणे, यशस्वी केले नसते, तर आपल्या गावतळ्यांना आजही नदीतून गोळा केलेल्या बीजाच्या भरवशावर राहावे लागले असते. येथील संस्था स्वस्तात लाखांनी मिळणारे जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, न सोडता बोटभर वाढलेली बोटुकली विकत घेऊन सोडते. जिऱ्यातले बहुतेक जीव बेडूक, पक्षी आणि इतर मासे यांच्या पोटात जातात, बोटुकली मात्र मोठ्या संख्येने तग धरते. चांगले खाद्य मिळाल्यास ती वर्षभरात किलोच्या आसपास भरते, आणि आश्विनात माझ्या गळाला लागलेले तिन्ही मासे जवळपास त्याच वजनाचे होते.

ज्यांनी यापूर्वी फक्त नदीत गळ टाकला आहे, त्यांनी येथे आधी पाण्याच्या थरांचा विचार करावा. कटला वरच्या थरात खातो आणि त्याचे तोंडही वरच्या बाजूला वळलेले असते; रोहू मधल्या थरात फिरतो; मृगळ तळाशी चरतो. मी सवयीने शिशाचे वजन जास्त लावून आमिष तळाला टेकवले आणि सकाळचे दोन तास वाया घालवले. अखेर तळ्याचे राखणदार नाना जवळ आले, त्यांनी तरंगा खाली सरकवून आमिष हातभर खोलीवर आणले आणि कणकेत शेंगदाण्याची पेंड मळायला सांगितले. तरंगा हलू लागताच मी काठी ओढणार, तेवढ्यात ते अहिराणीत म्हणाले, "भाऊ, घाई करू नका, आते तो चाखी राह्यना." (आता तो चाखतो आहे.) पेंडीची गोळी रोहू आधी ओठांनी चाचपतो, लगेच गिळत नाही, हे मला त्या दिवशी कळले. शुल्क देऊन आलेल्या माणसाशेजारी बसून इतक्या मायेने शिकवणारा राखणदार असणे, हे मी या तळ्याच्या सोयींत सर्वांत वर धरतो.

वैशाखातला अनुभव मात्र मनाला लागला. खानदेशातल्या उन्हाळ्याबद्दल येथे वेगळे सांगायला नको. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, रात्रभर वनस्पती आणि मासे तो वापरत राहतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्या दिवशी उजाडताना अनेक मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत होते. अशा वेळी तळे गळासाठी बंद ठेवायला हवे होते, पण पावत्या फाडणे चालूच होते. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची मुभा आहे, ही एरवी चांगली गोष्ट. परंतु एका गटाने चांगला मोठा कटला तापलेल्या दगडावर ठेवून बराच वेळ छायाचित्रे काढली आणि मग तो पाण्यात ढकलला. दुपारी तोच मासा काठाशी उलटा तरंगत होता. ओला हात, ओले कापड आणि उलटा काटा नसलेला गळ, एवढ्या तीन अटी जरी पावतीवर छापल्या तरी असे जीव वाचतील. मी स्वतः तासाभरात काठी गुंडाळली. पैसे परत मागितले नाहीत.

बाकी सोयी बेताच्या आहेत. बांधावर दोन कडुनिंबांची सावली आहे, पिण्याच्या पाण्याचा माठ आहे, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही. गळ आणि दोरी तेथे विकत मिळते, पण दोरी फार बारीक असते, म्हणून आपली घेऊन जावी. भाकरी घरूनच बांधून न्यावी.

भाद्रपद ते कार्तिक या काळात येथे अवश्य जावे, असे मी सांगेन. वैशाख आणि ज्येष्ठात जाऊ नये. पाण्याची ठरावीक खूण उघडी पडली की गळ बंद, असा नियम करावा, ही विनंती मी संस्थेच्या सचिवांना लेखी दिली असून, त्यांनी ती पुढच्या बैठकीत मांडण्याचे मान्य केले आहे.